व्हेनिसचा प्रवास: मुक्काम करील त्याला नफा

व्यापारानिमित्त युरोपला जाणाऱ्या आमच्या वाचकांची संख्या आता लहान राहिलेली नाही. कोणी मिलानच्या प्रदर्शनाला जातो, कोणी जानेवारी-सप्टेंबरात व्हिचेन्झा येथे भरणाऱ्या सोन्याच्या दागिन्यांच्या मेळ्याला. कोकणातल्या कित्येक घरांतले तरुण भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या जहाजांवर नोकरीला आहेत. अशा मंडळींच्या वाटेवर व्हेनिस हे शहर येतेच. व्हिचेन्झाहून ते रेल्वेने तासाभराच्या आत आहे. मात्र बहुतेक जण सकाळी येतात, सेंट मार्कच्या चौकात फोटो काढतात, महागडा चहा पितात आणि संध्याकाळी थकून परत जातात. खर्च भरपूर, पदरात थोडे. या लेखात आम्ही एकच गोष्ट पटवून देणार आहोत. व्हेनिसमध्ये एक दिवस घालवण्यापेक्षा दोन रात्री मुक्काम करणे हे व्यवहाराच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे.

या शहराशी आपला संबंध

व्हेनिस हे खाडीतल्या शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले शहर आहे. शेती नाही, खाण नाही, गोडे पाणीही मुबलक नाही. मीठ, मासळी आणि दुसऱ्यांच्या मालाची वाहतूक यांवर या लोकांनी कित्येक शतके राज्य केले. मलबारची मिरी लाल समुद्रातून इजिप्तला येई, अलेक्झांड्रियाच्या बाजारात व्हेनिसचे व्यापारी ती विकत घेत आणि साऱ्या युरोपला विकत.

या तिजारतीच्या खुणा त्यांच्या भाषेत आजही आहेत. परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारीला ते ‘फोंडाको’ म्हणतात, हा अरबी ‘फुंदुक’ होय. जहाजे बांधण्याच्या सरकारी कारखान्याला ‘आर्सेनाले’ म्हणतात, तो अरबी ‘दार-उस-सनाअत’वरून आला. टांकसाळीला ‘झेक्का’ म्हणतात, तो आपल्या ओळखीचा ‘सिक्का’. या टांकसाळीत १२८४ पासून साडेतीन ग्रॅम वजनाचे जवळजवळ शुद्ध सोन्याचे डुकाट नाणे पडू लागले आणि १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचा कस ढळला नाही. हेच नाणे आपल्याकडे ‘पुतळी’ या नावाने चालत असे, कारण त्यावर उभ्या माणसांच्या आकृती होत्या. आपल्या बायकांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ म्हणजे या नाण्याची महाराष्ट्रातली आठवण होय.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी. व्हेनिसने परदेशी व्यापाऱ्याला मुक्काम करायला लावले. जर्मन व्यापाऱ्यांना रिआल्टोच्या पुलाशी वखार दिली, त्यांनी तिथेच राहायचे आणि तिथेच सौदा करायचा. तुर्की सल्तनतीच्या मुसलमान व्यापाऱ्यांना १६२१ मध्ये मोठ्या कालव्यावर एक जुना वाडा मिळाला. त्यात गोदामे, हमाम आणि नमाजची जागा होती, रात्री दरवाजे बंद होत. १८३८ पर्यंत तो वापरात होता. व्यापारी राहिला म्हणजे जकात आली, खानावळ चालली, हमालाला मजुरी मिळाली. शहर श्रीमंत झाले ते अशा मुक्कामांवर.

आज उलट झाले आहे. पर्यटक येतो आणि राहत नाही. जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरे पर्यटकांना भाड्याने जातात आणि भाजीवाला, शिंपी, सुतार यांची दुकाने मुखवट्यांच्या दुकानांत बदलतात. म्हणून तेथील नगरपालिकेने दिवसापुरते येणाऱ्यावर पट्टी बसवली. प्रवासाचा बेत आखताना ही पट्टी समजून घेतली पाहिजे.

प्रवेशपट्टीचा हिशोब

ही पट्टी २०२४ मध्ये २९ दिवसांसाठी लागू झाली, माणशी ५ युरो. २०२५ मध्ये दिवस वाढून ५४ झाले आणि चार दिवस आधी नोंदणी करणाऱ्याला ५, उशीर करणाऱ्याला १० युरो असा दर झाला. वसंतापासून जुलैपर्यंतचे गर्दीचे दिवस यासाठी निवडतात आणि दरवर्षी नवी यादी निघते. ती पाहूनच तारीख ठरवावी. पट्टी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेपुरती असते. चौदा वर्षांखालील मुलांना माफी आहे. मुरानो, बुरानो, लिडो या बेटांसाठी ती लागत नाही.

व्हेनिसच्या हद्दीत रात्री राहणाऱ्याला ही पट्टी माफ आहे, कारण तो हॉटेलात मुक्कामाचा कर भरतोच. मात्र माफीची नोंद संगणकावर करून क्रमांक जवळ ठेवावा लागतो. येथे एक फरक लक्षात घ्यावा. मेस्त्रे हा खाडीपलीकडचा जमिनीवरचा भाग व्हेनिस नगरपालिकेतच येतो, म्हणून तिथे राहणाऱ्यालाही माफी मिळते. स्वस्त खोली मिळाली म्हणून पादुआला उतरणाऱ्याला ती मिळत नाही.

व्हिसा आणि तारीख

इटली हा शेंगेन करारातला देश आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आम्ही सुचवू की दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, शिवाय ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अनेक देशांत जायचे असेल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, म्हणून विमान बदलण्यासाठी वेळ कमी ठेवू नये.

जुलै-ऑगस्टात उकाडा आणि गर्दी, फेब्रुवारीत कार्निव्हल आणि तिप्पट भाडी. ऑक्टोबर ते जानेवारी हा भरतीचे पाणी चढण्याचा हंगाम. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. खाडीच्या तीन तोंडांशी ७८ लोखंडी झडपांचा बांध ३ ऑक्टोबर २०२० रोजी पुराविरुद्ध प्रथम उचलला गेला, तेव्हापासून मोठा पूर अडवला जातो. आमच्या मते मार्चचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस हे दराच्या आणि हवेच्या दृष्टीने मधले आहेत.

जहाजाने येणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरील जहाजांना सेंट मार्कसमोरून जाण्यास बंदी आहे. काही सहलीच्या पत्रकांत व्हेनिस असे छापलेले असते, पण जहाज रावेन्नाला लागते आणि तिथून रस्त्याने दोन तासांच्या आसपास लागतात. पैसे भरण्याआधी बंदराचे नाव लेखी विचारून घ्यावे.

राहणे, खाणे, फिरणे

शहरात मोटार नाही, रिक्षा नाही, चारशेच्या आसपास पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तेव्हा हॉटेल निवडताना नुसते भाडे पाहू नये. बोटीच्या धक्क्यापासून किती पूल ओलांडावे लागतात ते विचारावे. जड बॅगा घेऊन चार पूल चढणाऱ्या म्हाताऱ्या आईला वाचवलेले पैसे गोड लागणार नाहीत. मेस्त्रेत खोल्या स्वस्त, रेल्वेने दहा मिनिटांचे अंतर, पण पहाट आणि रात्र ही व्हेनिसची खरी वेळ हातची जाते.

सार्वजनिक बोटीला ‘वापोरेत्तो’ म्हणतात. २०२५ मध्ये एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरो होते आणि ते ७५ मिनिटे चाले. तीन दिवसांचा पास ४५ युरोंना, म्हणजे दिवसाला १५ पडत. दिवसात दोन फेऱ्यांना १९ युरो होतात, म्हणजे रोज दोनदा बोट घेणाराही पासात फायद्यात राहतो. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, नावेत पाच माणसे. दर नावेचा असतो, माणशी नव्हे. नुसता अनुभव घ्यायचा असेल तर मोठा कालवा ओलांडून देणारी तर आहे, दोन युरोंत काम होते.

खाण्याची चिंता करण्याचे कारण नाही. मेस्त्रेत बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्यातले बरेच जण मार्गेराच्या जहाज कारखान्यात आणि हॉटेलांत काम करतात. हलाल मटणाची दुकाने आणि भातमासळीच्या खानावळी तिथे सहज मिळतात. खुद्द बेटावर मासळी उत्तम, पण रश्श्यात वाइन आणि पिठात डुकराची चरबी आहे काय, हे मागवण्याआधी विचारावे. पिण्याचे पाणी चौकाचौकांतल्या नळांवर फुकट आहे.

दोन दिवसांचा बेत

पहिला दिवस बाजाराचा. सकाळी सातला रिआल्टोची मासळी मंडई गाठावी; रविवारी आणि सोमवारी ती बंद असते. शेजारीच सॅन जाकोमोचा छोटा चौक आहे, जिथे सराफ बाकडी टाकून बसत आणि रोकड न हलवता वहीतल्या नोंदीने पैसे एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जात. दुहेरी नोंदीच्या हिशोबाची माहिती देणारे लुका पाचोलीचे पुस्तक १४९४ मध्ये याच शहरात छापले गेले. आपला मुनीम आज जमा-नावे मांडतो ती रीत त्यातून जगभर गेली. पुलाचा दगडी सांगाडा १५९१ मध्ये पुरा झाला. तिथून सॅन स्ताए धक्क्याजवळ तुर्कांची वखार पाहावी, आता तिथे प्राणी-वनस्पतींचे संग्रहालय आहे. दुपारी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी एक क्रमांकाच्या बोटीने मोठा कालवा टोकापर्यंत करावा.

दुसरा दिवस सत्तेचा आणि कारागिरीचा. दारे उघडताच डोजेचा राजवाडा पाहावा. तिकीट ३० दिवस आधी घेतल्यास स्वस्त पडते. सेंट मार्कच्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. समोरच समुद्राकडे तोंड करून जुनी टांकसाळ आहे, आता तिथे ग्रंथालय आहे. तिथून चालत आर्सेनालेच्या दारापर्यंत जावे. दुपारी फोंडामेन्ते नोव्हेहून मुरानोची बोट घ्यावी. वाटेत सॅन मिकेले हे कबरस्तानाचे बेट लागते. अरबीत छापलेल्या पहिल्या संपूर्ण कुरआन शरीफची ज्ञात असलेली एकमेव प्रत १९८७ मध्ये याच बेटावरच्या साधूंच्या ग्रंथालयात सापडली. व्हेनिसच्या छापखान्याने १५३७-३८ च्या सुमारास ती तुर्की बाजारासाठी छापली असे अभ्यासक मानतात. पण अक्षरांत चुका राहिल्या आणि धंदा बसला. गिऱ्हाईक न जाणता माल काढला की काय होते, याचा हा धडा.

खरेदी करताना

मुरानोची काच १२९१ पासून प्रसिद्ध आहे, तितकीच तिची नक्कलही. फुकट बोटीने कारखाना दाखवतो असे म्हणणारा दलाल त्या बोटीचे भाडे मालाच्या किमतीत वसूल करतो. ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह पाहून, पावती घेऊन माल घ्यावा. फेब्रुवारी २०२४ पासून एका दुकानात ७० युरोंवर खरेदी झाली तर बाहेरच्या देशातल्या प्रवाशाला विक्रीकराचा परतावा मागता येतो. दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज भरावा, युरोप सोडताना शेवटच्या विमानतळावर कस्टमचा शिक्का घ्यावा. २२ टक्के करातून दलाली वजा जाता बरीच रक्कम हाती येते.

सारांश असा की, व्हेनिसमध्ये पैसा वाचतो तो घाई टाळून. सकाळी दहा ते चार या वेळेत सारे जग चौकात असते, तेव्हा आपण विश्रांती घ्यावी. ते जग परत गेले की शहर आपले. दोन रात्रींचे भाडे जास्त दिसेल, पण त्यात पट्टी वाचते, शांतपणे पाहणे होते आणि खोली स्थानिक कुटुंबाकडून घेतली तर पैसाही तिथे राहणाऱ्यांच्या हातात पडतो. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या मिरीचा सौदा ज्या शहराने नेकीने तोलून घेतला, तिथे पाहुणा म्हणून जाताना एवढा हिशोब आपणही मांडावा.