विद्यार्थ्याची झोप

विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे एक सुभाषित संस्कृतच्या तासाला तुम्ही पाठ केलेच असेल. कावळ्यासारखी धडपड, बगळ्यासारखं ध्यान आणि त्याच्या जोडीला श्वाननिद्रा, म्हणजे कुत्र्यासारखी झोप. जरा कुठं खुट्ट झालं की जाग आली पाहिजे, असा तिचा अर्थ आपण लावतो. आणि मग हळूच त्यापुढंही जातो, की खऱ्या विद्यार्थ्यानं मुळी झोपूच नये. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना मात्र ठाऊक असतं, की हा प्राणी दिवसाचा केवढा तरी भाग ओसरीवर नाही तर पलंगाखाली पसरून घोरत काढतो. पण ते असो.

कॉलेजातला एखादा मुलगा जेव्हा सांगतो, “परवा आम्ही नाइट मारली,” तेव्हा त्याच्या आवाजात सिंहगड सर केल्याचा सूर असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री, पीएलच्या दिवसांत, टपरीवरच्या चहाच्या जोरावर पहाटे चार वाजवणं हा वसतिगृहात पराक्रमच समजला जातो. “काल मी आठ तास झोपलो,” असं कोणी छाती काढून सांगत नाही. सांगितलंच, तर बाकीचे त्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे होतात. या पराक्रमाचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या जुन्या वैद्यकाला झोपेचं महत्त्व चांगलं कळलं होतं. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्याच ग्रंथात पुढं असंही म्हटलं आहे, की सुख आणि दुःख, बळ आणि दुर्बळता याप्रमाणे ज्ञान आणि अज्ञानसुद्धा झोपेवर अवलंबून असतं. सुखाचं आणि बळाचं आपल्याला पटतं. ज्ञानाचं काय? पुस्तक मिटलं, डोळे मिटले, म्हणजे ज्ञानाचा कारभार बंद झाला असंच आपल्याला वाटतं ना?

तसं नाही, हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तो केला. दोन विद्यार्थी त्यांनी हाताशी घेतले. काहीही अर्थ नसलेल्या दहा-दहा अक्षरगटांच्या याद्या त्यांच्याकडून पाठ करून घ्यायच्या. कधी सकाळी, कधी रात्री झोपण्यापूर्वी. मग एक, दोन, चार किंवा आठ तासांनी विचारायचं, सांगा पाहू काय आठवतंय ते. सकाळी पाठ करून आठ तास हिंडल्याफिरल्यावर दहांतलं जेमतेम एखादं आठवे. रात्री पाठ करून आठ तास झोपल्यावर मात्र निम्म्याच्या आसपास आठवत असे. पाठांतर तेच, विद्यार्थी तेच आणि मधले तासही तेवढेच. फरक एवढाच, की ते तास झोपेत गेले होते.

त्या काळी याचा अर्थ असा लावला गेला, की झोपेत नव्या गोष्टी डोक्यात शिरत नाहीत, म्हणून जुन्या पुसल्या जात नाहीत. पुढं कळलं की गोष्ट याहून मोठी आहे. १९९४ साली उंदरांच्या मेंदूवर झालेल्या एका प्रयोगात असं आढळलं, की जागेपणी एखाद्या जागेत फिरताना ज्या पेशी एकाच वेळी काम करत होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होत होत्या. उंदीर झोपला होता आणि मेंदू दिवसभराच्या वाटेची उजळणी करत होता! दिवसभर जे शिकलं ते मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जणू कच्च्या टिपणासारखं उतरतं. ते पक्क्या वहीत लिहून काढण्याचं बरंचसं काम गाढ झोपेत होतं. रात्रभर जागणारा विद्यार्थी टिपणं काढत सुटतो आणि पक्क्या वहीत उतरवणाऱ्या कारकुनाला मात्र रजा देऊन टाकतो.

झोप म्हणजे एकसारखा अंधारही नव्हे, बरं का. १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसरिन्स्की नावाचा एक संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक क्लाइटमन यांनी जाहीर केलं, की झोपेत काही काही वेळानं मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलेली माणसं बहुधा स्वप्न पडत होतं म्हणून सांगतात. रात्रीत साधारण नव्वद-नव्वद मिनिटांचे असे फेरे चालतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त आणि पहाटेच्या फेऱ्यांत ही बुबुळं हलण्याची झोप जास्त. तेव्हा बाराला पडून चारला गजर लावणारा माणूस झोपेचा अर्धा भाग कापतो, पण तो कापतो जवळजवळ एकाच जातीची झोप. मिसळ अर्धीच खाल्ली म्हणावी, तर तसंही नाही. वरची तर्री तेवढी ओतून दिली म्हणा.

आता तुम्ही म्हणाल, “मी तर रोज सहा तास झोपतो, आणि माझं काही अडत नाही.” हे वाक्य मी मुलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याच्यासाठी थोडं थांबायलाच हवं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात निरोगी प्रौढ माणसांचे गट पाडून कुणाला रात्री आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार तास झोपू दिलं, तेही सलग दोन आठवडे. दिवसा त्यांचं लक्ष आणि स्मरण तपासत गेले. आठवाले ठीक राहिले. सहा तासवाल्यांची कामगिरी मात्र दिवसागणिक घसरत गेली, आणि दोन आठवड्यांच्या अखेरीस ती पार रात्र-रात्र जागलेल्या माणसांच्या पातळीला जाऊन पोचली. आणि खरी मेख तर पुढंच आहे. या माणसांना आपण किती पेंगुळलो आहोत असं विचारलं, तर ते म्हणत, थोडेसे. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना आपली घसरण जाणवेनाशी झाली होती. म्हणजे ज्या मेंदूनं हिशेब ठेवायचा, तोच मेंदू दमलेला! “माझं काही अडत नाही” या साक्षीला म्हणूनच फारशी किंमत देता येत नाही.

अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागते, असं तज्ज्ञ सांगतात.

मग गुणांचं काय, असा रोकडा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मनगटांवर झोप मोजणारे पट्टे बांधून सबंध सत्रभर नोंद ठेवली. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. विद्यार्थी अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या गुणांत जो फरक होता, त्यातल्या जवळजवळ चौथ्या भागाचा संबंध झोपेशी जुळत होता: किती झोपले, कशी झोपले, आणि रोज त्याच सुमाराला झोपले की नाही. परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध मात्र दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा. जो भाग ज्या दिवसांत शिकवला जात होता, त्या दिवसांतली झोप उपयोगी पडत होती. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळंच दुसरी झाली असं होत नाही, हे तुम्हांला शास्त्राच्या शिक्षकांनी शिकवलं असेलच, आणि ते इथंही लागू आहे. पण कॉर्नेलचा प्रयोग आणि हा हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहिलात, तर दोघांचा रोख एकाच दिशेला आहे. बहुतेक विद्यार्थी करतात नेमकं उलट. सत्रभर दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईचा आग्रह म्हणून दहाला अंथरुणात.

शरीराची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०१५ सालच्या एका प्रयोगात दीडशेहून जास्त माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या मानानं सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव चौपटीहून जास्त निघाला. आणखी एका प्रयोगात तरुण, धडधाकट माणसांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद लक्षात येण्याइतकी मंदावली. दुचाकीवाल्यांनी तर हे जरूर ऐकावं: सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या कायद्यानं गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून रात्री अकराला अभ्यासिकेतून गाडीवर घरी निघालात, की सतरा तास भरलेच.

मात्र सगळा दोष मुलांच्या माथी मारणं मला मान्य नाही. या वयात शरीरातलं घड्याळच उशिरा चालतं. म्युनिकच्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिलं, की पौगंडावस्थेपासून माणसाची झोपेची वेळ पुढं पुढं सरकत जाते, विसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत उशिरा पोचते आणि मग हळूहळू मागं येते. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी रात्री अकराला झोप येत नाही म्हणणारा मुलगा आळशी असतोच असं नाही. आणि त्याच मुलाला सकाळच्या सत्रातल्या कॉलेजात सातच्या तासाला कल्याणहून किंवा विरारहून पहाटेची लोकल पकडून यावं लागतं! चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनानं २०२४ साली काढला. चांगलं झालं. पण शरीराचं घड्याळ सर्वांत मागं पडतं ते कॉलेजच्या वयात, आणि त्यांच्यासाठी अजून कोणी बोलत नाही.

जागा नाही, हीही खरी अडचण आहे. एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही चालू, तिथं अभ्यास रात्रीच व्हायचा. परळच्या चाळीत एका खोलीत वाढणाऱ्या भीमराव आंबेडकरांची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते; पहाटे दोनला उठून, मिणमिणत्या दिव्याशी बसून केलेला तो अभ्यास. पण त्या गोष्टीतला अर्धा भाग सांगायचा राहून जातो. वडील रामजी त्यांना संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून आपण पाठ टेकत. म्हाताऱ्या बापानं मुलाच्या अभ्यासासाठी आपली रात्र दिली, आणि त्याची झोप आधी राखली. तुमच्या घरीही अशी काही वाटणी बसत असेल तर जरूर बसवा. पहाटेचा अभ्यास वाईट नाही, फक्त त्याच्या अलीकडं झोप असली पाहिजे.

आता करायचं काय? सगळ्यांत आधी उठण्याची वेळ पक्की करा, आणि रविवारीसुद्धा ती तासाभरापलीकडं हलू देऊ नका. झोपण्याची वेळ हुकमानं येत नाही, उठण्याची आणता येते. उठल्यावर पडदा सारा, गच्चीवर जा, उजेड डोळ्यांना लागू द्या. शरीरातलं घड्याळ त्यानंच जुळतं. चहा आणि कॉफी दुपारपर्यंतच. कॅफीन अर्धं ओसरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पहाटे तीनला अजून अंगात असतं. मोबाइल उशाशी न ठेवता टेबलावर ठेवा, गजर तिथूनही ऐकू येतो. दुपारी डुलकी घ्यायची तर वीसएक मिनिटांची. अभ्यासिका चोवीस तास उघडी आहे म्हणून आपणही चोवीस तास उघडं राहिलं पाहिजे असं नाही, हे पेठांतून स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावं. त्यांचा अभ्यास एका सत्राचा नसून वर्षांचा असतो.

दिवे विझल्यावरही आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल, मन उदास राहत असेल, कशात गोडी वाटत नसेल, तर ते निव्वळ सवयीचं काम नव्हे. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झोप आलीच नाही तर? घाबरू नका. मागचा महिना नीट झोपला असाल, तर एका रात्रीनं फार बिघडत नाही. हॉल तिकीट, पेन, घड्याळ पिशवीत टाका, दिवा घालवा आणि पडून राहा. उजळणी करायचीच असेल, तर सकाळी पोहे खाऊन झाल्यावर अर्धा तास टिपणं चाळलीत तरी पुरे.