माथेरानच्या घोड्यांना माती हवी

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पुढे पायी चाला, अमन लॉज स्थानकावरून रेल्वेची शटल पकडा, ई-रिक्षाच्या रांगेत उभे राहा, नाहीतर घोडा करा. या शेवटच्या पर्यायावर माथेरानचे साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे आणि त्यांच्यामागची घरं जगतात. ई-रिक्षा आल्यापासून घोडेवाल्यांबद्दल एक समज पक्का झाला आहे: धंदा बुडेल म्हणून ते आडवे येतात. धंद्याची काळजी आहेच, का नसावी? पण त्यांच्या तक्रारीतला खरा जोर रस्त्याचा आहे, आणि नेमकं तेच कुणी नीट ऐकून घेत नाही.

माथेरानच्या वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या. घोड्याच्या खुराला ठोकलेली लोखंडी नाल या मातीत किंचित रुतते आणि पाय धरून राहतो. तोच घोडा रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकच्या उतारावर आणा, सर नुकतीच पडून गेलेली असताना. तो मान खाली घालतो, मागचे पाय पोटाखाली ओढून घेतो आणि प्रत्येक पाऊल चाचपत टाकतो. नाल सरकली की खर्र आवाज होतो. घोडेवाला लगाम तोंडाजवळ धरून त्याला कडेच्या मातीच्या पट्टीवर घेतो. पट्टी नसेल तिथे देवाचं नाव. पाठीवर सत्तर किलोचा पाहुणा असतो, आणि त्याचं सगळं लक्ष फोटोकडे.

पेव्हर मागणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. पावसाळ्यात माती वाहून जाते, उन्हाळ्यात तिची धूळ होते, त्या धुळीत लीद मिसळते. दुकानदारांनी, शाळकरी पोरांनी ती किती वर्षं नाकातोंडात घ्यायची? आणि माणसाने माणसाला ओढत न्यायची हातरिक्षा तर कधीच बंद व्हायला हवी होती. ती ओढणाऱ्यांनी ई-रिक्षा मागितली यात काहीही वावगं नाही. घोडेवाल्यांनी ई-रिक्षा आणि पेव्हर यांची एकच मोट बांधली, तिथे त्यांचं थोडं चुकलं असं मला वाटतं. रिक्षाला विरोध केला की माणूस स्वार्थी दिसतो. माती मागितली की मागणी गावाची होते.

४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्राच्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं. मोटारींना मज्जाव आधीपासूनच होता, त्याला कायद्याचं बळ मिळालं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबरात त्या धावू लागल्या. मग घोडेवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेव्हरच्या कामाला स्थगिती मिळाली. ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात न्यायालयाने हातरिक्षा अमानुष ठरवून त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हरला मुभा दिली, पण आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकच्या वाटांवर तो नको, असंही बजावलं. बातम्यांचे मथळे हातरिक्षांना मिळाले. घोड्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आतल्या वाटांवरच्या या मनाईत होती.

आता प्रश्न उरतो तो आतला रस्ता कुठला, याचा. वाटेवरचा हक्क कागदावर कसा आणायचा, हे इंग्लंडमधल्या घोडेस्वारांकडून शिकण्यासारखं आहे. तिथे ‘ब्रायडलवे’ म्हणून वाटा असतात: पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी, १९६८ पासून सायकलींसाठीही. १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला अशा वाटांचा अधिकृत नकाशा ठेवावा लागतो. नकाशावर वाट चढली की जमीनमालक तिथे मनमानी फाटक लावू शकत नाही. पण असंख्य जुन्या वाटा नकाशावर आल्याच नव्हत्या, आणि २००० च्या कायद्याने त्या नोंदवायला १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली. मग ब्रिटिश हॉर्स सोसायटीने गावोगावच्या सभासदांना कामाला लावलं. एरवी तबेल्यात रमणारी माणसं अभिलेखागारात बसून शेतजमिनींच्या वाटपाची जुनी कागदपत्रं आणि १९१० च्या करआकारणीचे नकाशे चाळू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मुदतच रद्द करणार असल्याचं जाहीर केलं.

माथेरानच्या संघटनांनी हे काम आत्ताच हाती घ्यावं. लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शार्लोट लेककडे जाणारी प्रत्येक मातीची वाट नावानिशी, लांबीनिशी नोंदवून घ्यावी आणि ती यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावायला भाग पाडावं. उद्या कंत्राटदार ब्लॉकचा ढीग घेऊन आला, तर निकालपत्राइतकाच नकाशाही हाताशी हवा. वाटा धुपू नयेत म्हणून कडेची गटारं साफ ठेवणं आणि लीद रोज उचलणं ही कामंही मग मागणी करणाऱ्यांच्याच गळ्यात पडतात, ती टाळून चालणार नाही.

घोडेवाल्यांनी आपलं घरही सावरावं. मार्च २०२५ मध्ये दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते, या तक्रारीवरून अख्खं माथेरान बंद राहिलं. ‘पुढे काही मिळत नाही’ असं सांगून पाहुण्याला घोड्यावर बसवणारा एक माणूस उरलेल्या सगळ्यांची बाजू लंगडी करतो.

तुम्ही गेलात तर दरपत्रक आधी पाहा, ठरल्याप्रमाणे पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि ओल्या पेव्हरचा उतार आला तर घोड्यावरून खाली उतरा आणि तेवढं अंतर चाला.