मेंदूतील अर्बुदानंतरची औषधे आणि आपले कर्तव्य

मेंदूतील अर्बुदाची चिकित्सा झालेल्या वडिलांना घेऊन मुले आमच्याकडे येतात व विचारतात, "चेहरा सुजला, झोप उडाली, स्वभाव चिडका झाला, या गोळ्या बंद करून आयुर्वेदीय औषध द्याल काय?" सूज व निद्रानाश बहुधा डेक्सामेथासोनमुळे, तर चिडचिड लेव्हेटिरॅसिटाममुळेही होते. परंतु पहिले एकाएकी थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथी अपुऱ्या पडून प्राणसंकट ओढवू शकते. दुसरे चुकल्यास आकडी येऊ शकते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिप्रयोगात शंखपुष्पीच्या सिरपाने फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटली होती. ज्येष्ठमधाने स्टेरॉइड घेणाऱ्यांत पोटॅशियम अधिक घटू शकते. म्हणून मुलांकडून लक्षणांची दैनंदिन नोंद करवून घ्यावी व तीसह त्यांना मूळ तज्ज्ञांकडे धाडावे. मात्रेचा निर्णय त्यांचाच. औषधविक्रेत्यांनीही स्मृतिवर्धक सिरप देण्यापूर्वी चालू गोळ्यांची चौकशी करावी.