तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही गावे यंत्रमागाच्या खडखडाटावर जगतात. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल त्याच आवाजावर पेटते. तिथले अपघातही आपल्याला नवे नाहीत. उसळलेला धोटा डोळ्यावर बसतो, पट्ट्यात बोटे सापडतात, पावसाळ्यात उघड्या वायरचा धक्का बसतो. मग मोहल्ल्यात एकच वाक्य ऐकू येते, "तकदीरमध्ये होते ते झाले."

मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे, यावर आपले ईमान आहे. पण पट्ट्याला जाळी बसवणे, अर्थिंग तपासून घेणे, माग चालू असताना कोणाला आत हात घालायला न लावणे, हे माणसाच्या हाती आहे. ते झाले नाही आणि कामगार जखमी झाला, तर भरपाई ही मालकाची खैरात नसते. तो हक्क असतो.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे पालक कधी कधी सरकारी कागद वाचून घ्यायला येतात. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी असाच एक स्टॅम्पपेपर घेऊन आली. तिच्या अब्बांची तर्जनी मागात गेली होती. कागद मराठीत होता आणि घरात फक्त उर्दू वाचता येत होते. त्यात लिहिले होते की, वीस हजार रुपये मिळाले, आता आमची काही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही. खाली सहीची जागा रिकामी होती. असे कागद किती घरांत न वाचताच सही होऊन गेले असतील, या विचाराने आम्ही अस्वस्थ झालो.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा हा मूळ कायदा असून त्यातील तरतुदी पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यू झाला असेल तर मालकाने रक्कम भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर घरी दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल तेवढी वजा होऊ शकते. कारखान्यात चारच कामगार असले, कामगार रोजंदारीचा किंवा ठेकेदाराचा असला, तरी हक्क जात नाही. "चूक त्याचीच होती" हे कारणही मृत्यूच्या बाबतीत चालत नाही.

रक्कम किती? 2020 साली हिशेबासाठी पगाराची मर्यादा 15 हजार रुपये ठरली. तिशीतला, तेवढा पगार असलेला कामगार दगावला तर पगाराचा निम्मा भाग, म्हणजे 7,500, गुणिले वयानुसार ठरलेला 207.98 हा आकडा. उत्तर येते 15 लाख 59 हजार 850 रुपये. त्याच कामगाराची पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असे कायदा मानतो आणि भरपाई सुमारे 2 लाख 62 हजार होते. आता ते वीस हजार आठवून पाहा.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ईएसआय लागू होते. तिथे विमा असेल तर उपचार आणि पैसे महामंडळाकडून मिळतात. कामावरील अपघातासाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण असते आणि मृत्यू झाल्यास वारसांना दरमहा रक्कम मिळते. घरातल्या कमावत्या माणसाचा ईएसआय क्रमांक आपल्याला माहीत आहे का, हे आजच विचारा.

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. मय्यत लवकर दफन व्हावी म्हणून आपल्याकडे पोस्टमार्टम टाळण्याकडे कल असतो. भावना समजते. पण विजेच्या धक्क्याने माणूस गेला, हे नंतर कशाने सिद्ध करणार? पोस्टमार्टमचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्याचे कागद हेच त्या विधवेचे साक्षीदार असतात. पगाराची चिठ्ठी मिळत नसेल तर मीटरच्या हिशेबाची वही आणि मोबाइलवर आलेल्या पैशांची नोंद जपून ठेवा.

दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा असतो. महिनाभरात रक्कम दिली नाही तर मालकाला 12 टक्के व्याज द्यावे लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे वकील मोफत मिळतो.

"मेलेल्याच्या जिवाचे पैसे कसे घ्यायचे?" असे काही घरांत म्हटले जाते. पण ही रक्कम विधवेची आणि यतीम मुलांची आहे. म्हणूनच आयुक्त ती वारसांत वाटून देतात आणि लहान मुलांचा हिस्सा त्यांच्या नावे गुंतवू शकतात. यतीमांच्या मालाबाबत कुरआनने किती सक्त ताकीद दिली आहे, हे आपण जाणतो. मोठ्यांनी संकोचाने किंवा घाईने केलेली सही त्याच यतीमांच्या ताटातला घास काढून घेते. सब्र जरूर करावा. पण सब्र म्हणजे लेकरांचा हक्क सोडून देणे नव्हे.

म्हणून शेजारी असा कागद आला तर आधी तो मोठ्याने वाचून दाखवा. घरात वाचता येत नसेल तर शाळेत आणा. आम्ही वाचून देऊ.