‘नरभक्षक’ ही आहाराची जात नव्हे

नोव्हेंबर 2020 च्या अखेरीस आष्टी तालुक्यातील सुर्डी आणि किन्ही येथील शिवारांत बिबट्याने माणसे मारली, त्यांत एक लहान मुलगाही गेला, आणि दिवस मावळण्यापूर्वी दारे लावून घेण्याची पाळी त्या टापूवर आली. तेव्हापासून एक वाक्य बीड जिल्ह्यात पारापासून कचेरीपर्यंत इतक्या वेळा कानी पडले आहे की, त्याचा समाचार घेणे आता कर्तव्यच ठरते. ते वाक्य असे : बिबट्याच्या जिभेला एकदा माणसाचे रक्त लागले की त्याला दुसरे काही गोड लागत नाही, आणि तो ‘नरभक्षक’ होतो.

प्राणिशास्त्र आहारावरून प्राण्यांची शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी अशी विभागणी करते, आणि मांसाहाऱ्यांतही कीटकभक्षी, मत्स्यभक्षी, मृतभक्षी असे पोटभेद मानते. ही विभागणी प्राण्याच्या दातांवर, आतड्यावर आणि शरीराच्या रसायनावर आधारलेली आहे, आवडीनिवडीवर नव्हे. बिबट्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या मांस कापतात, त्या दाणे भरडू शकत नाहीत. टॉरिन हे अत्यावश्यक द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही, आणि वनस्पतींतील पिवळ्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची सोयही त्याच्यापाशी नाही. ही सर्व मार्जारकुळाची लक्षणे होत, आणि म्हणूनच हे कुळ केवळ मांसावर जगते. याच कुळाच्या जिभेला गोडी कळत नाही, हेही सिद्ध झालेले आहे. मग माणसाचे रक्त तेवढे ‘गोड’ लागते, हे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? ‘नरभक्षक’ हा शब्द आहाराच्या या वर्गवारीत कोठेही नाही. तो एका प्राण्याच्या कृत्याला माणसाने दिलेला शब्द आहे. त्याला जात समजून साऱ्या बिबट्यांना लावणे हा निव्वळ अविचार होय.

शंका असेल त्याने शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दाखला पाहावा. अकोले तालुक्याच्या ऊसबागायती मुलखात, जेथे दाट मनुष्यवस्ती आहे आणि अभयारण्य नाही, तेथे वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेतील केस तपासून त्यांचे खाद्य निश्चित केले. भक्ष्याच्या एकूण वजनापैकी 87 टक्के वाटा पाळीव व वस्तीतल्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. ज्या शिवारात माणूस रात्रंदिवस वावरतो, तेथे बिबट्या कुत्रे, शेळ्या आणि मांजरे धरून पोट भरतो. रक्ताची चटक हाच नियम असता, तर त्या तालुक्यात शेती करणे तरी शक्य झाले असते काय?

याचा अर्थ आष्टीची माणसे कोणी मारली नाहीत, असा मुळीच नव्हे. एखादा बिबट्या, माणूस हे सोपे भक्ष्य आहे असे शिकतो आणि पुनःपुन्हा हल्ला करतो, हे खरे आहे. तो त्या एका जनावराचा शिकलेला वर्तनक्रम असतो आणि त्याचा बंदोबस्त व्हावाच लागतो. डिसेंबर 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात वन विभागाच्या परवानगीने असा एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे अकरावे कलम वाचून पाहावे. जनावर ‘मानवी जीवितास धोकादायक’ झाले आहे आणि ते पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे अशक्य आहे, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खातरजमा झाल्यावरच मारण्याचा हुकूम निघू शकतो. कलम विशिष्ट जनावराविषयी बोलते, जातीविषयी नव्हे.

उलट ‘सगळे धरा आणि दूर सोडा’ या मागणीचे फळ जुन्नरने भोगले आहे. या शतकाच्या आरंभी तेथील बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची तजवीज झाली, आणि वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरील हल्ले 17 वर गेले, असे अत्रेय यांच्याच 2011 च्या संशोधनात नोंदले आहे. रक्ताच्या चटकेची समजूत केवळ चुकीची नाही; ती घातक आहे, हे यावरून लोकांनी ओळखावे.

आता इतर समजुतींविषयी थोडक्यात. नाग दूध पितो हे खोटे. तो उंदीर-बेडूक गिळणारा मांसाहारी आहे आणि पंचमीला तहानेने व्याकूळ केलेला नाग समोर येईल ते द्रव घेतो. मोर केवळ दाणे टिपतो हेही खोटे. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याचा हा रहिवासी मिश्राहारी असून किडे, सरडे आणि सापाची पिल्लेही खातो. मांसभक्षी गणातील प्रत्येक प्राणी मांसावरच जगतो असे नाही. तो गण वंशावरून ठरला आहे, म्हणून मुंग्या, वाळवी, मध आणि फळे खाणारे अस्वलही त्यातच मोडते. आणि शाकाहारी म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ गावी पाला खाणाऱ्या वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, छतांवर नेली व त्यांतली काही मेली, तेथे आहाराचा काही संबंध नव्हता.

हे सारे बीडकरांना सांगण्याचे एक विशेष कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडात जातात, आणि त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. तोडणीत पिल्ले सापडली तर ती हाताळू नयेत, काम थांबवून वन विभागाला कळवावे. पिल्ले जागच्या जागी राहिली तर मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. कोपीभोवती खरकटे व मेलेली जनावरे टाकू नयेत, कारण त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मुलांना अंधारात एकटे सोडू नये, आणि परसाकडे जाताना कंदील वा बॅटरी व सोबत असावी. रक्ताच्या चटकेवर विश्वास ठेवणाऱ्याला भीतीखेरीज करण्याजोगे काहीच उरत नाही. बिबट्या काय खातो आणि कशामागे येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपल्या लेकराच्या रक्षणासाठी आज रात्रीच पुष्कळ काही करता येते.