उल्हास ती की तो?

मला पटकन सांगा, उल्हास हे नाव मुलाचं की मुलीचं? मुलाचं, असंच म्हणाल तुम्ही. उल्हासकाका, उल्हासमामा, उल्हाससर सगळीकडे भेटतात. मग आता चला कर्जतला. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांतून खाली उतरते, कोंढाणे लेण्यांच्या पायथ्याकडून येते आणि कर्जतच्या कडेने पुढे बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते, ती नदी कोणती? उल्हास! जुलैमध्ये धो धो पाऊस लागला की कर्जतमधलं कुणीही सहज बोलून जातं, "उल्हास भरून वाहतेय, पुलाकडे जाऊ नका रे." वाहतेय म्हणतात, बरं का. वाहतोय नाही.

तिच्या शेजारणी बघा. खालापूर तालुक्यात पाताळगंगा. नागोठण्याला अंबा, रोह्याला कुंडलिका, महाडला सावित्री. सगळ्या आजीच्या, मावशीच्या नावाच्या. त्यांच्यात ही एकटीच उल्हास. पण कर्जतच्या मुलांना कधी विचित्र वाटलंय का? मुळीच नाही. एवढंच काय, 1949 साली कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, तेव्हा त्याला याच नदीवरून उल्हासनगर असं नाव मिळालं. एका नावाने नदी झाली ‘ती’ आणि नगर झालं ‘ते’.

आणि गंमत म्हणजे आसामातल्या महानदाच्या बाबतीत आपण उलटंच केलं. त्याचं नाव ब्रह्मपुत्र, म्हणजे ब्रह्मदेवाचा मुलगा. जुन्या लोकांनी त्याला नदी न म्हणता ‘नद’ म्हटलं. आपल्याला मात्र नदी म्हणजे ‘ती’च असायला हवी होती. म्हणून शेवटी एक काना लावला आणि ब्रह्मपुत्राची ब्रह्मपुत्रा करून टाकली. एका काना-मात्रेने मुलाची मुलगी!

त्या कान्यातच आपल्या मेंदूची एक सवय लपलेली आहे. सावित्री, अंबा, कुंडलिका ही नावं मोठ्याने म्हणा. नाव संपताना तोंड उघडं राहतं, सूर हवा तेवढा लांबवता येतो. आता म्हणा विजय, गणेश, उल्हास. शेवटचं अक्षर तुटक संपतं, कारण बोलताना आपण त्यातला ‘अ’ गिळून टाकतो. अशी शेकडो नावं लहानपणापासून कानावर पडतात आणि मेंदू गुपचूप नियम बनवतो: लांब स्वर आला की मुलगी, तुटक आवाज आला की मुलगा. हा नियम कुणी शिकवलेला नसतो. ॲन कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये इंग्रजी नावांचा असाच अभ्यास केला, तेव्हा तिथेही मुलींची नावं जास्त लांब आणि बऱ्याचदा स्वराने संपणारी निघाली. संगणकाला तर इंग्रजी नावाचं फक्त शेवटचं अक्षर सांगितलं, तरी साधारण चारपैकी तीन वेळा तो मुलगा की मुलगी हे बरोबर ओळखतो.

पण मला जास्त आवडतं ते उरलेलं चौथं नाव. तिथे नियम आपटतो.

आपल्याकडे तो कसा आपटतो, ते कर्जतच्याच एका शूर माणसाच्या नावात दिसतं. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल तुम्हाला माहीत असतील. इंग्रजांविरुद्ध लढताना 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्याच दिवशी त्यांच्यासोबत हुतात्मा झाले हिराजी गोमाजी पाटील. आता हिराजी या नावातलं ‘जी’ बोटाने झाका. काय उरलं? हिरा. आणि त्याला ‘बाई’ जोडलं की? हिराबाई! हिराबाई बडोदेकर या केवढ्या मोठ्या गायिका होत्या. म्हणजे मूळ नाव एकच, फक्त मागची शेपटी बदलली.

जुन्या मराठी नावांचा हा कारखाना फार हुशार होता. संत तुकाराम सगळ्यांना ठाऊक असतात, पण शहाजीराजांच्या दुसऱ्या राणीचं नाव तुकाबाई होतं हे माहीत होतं का? शिवरायांचे सरदार येसाजी कंक आणि संभाजीराजांच्या राणी येसूबाई. इंग्रजांशी झुंजलेले उमाजी नाईक आणि घाटाच्या वर, तळेगावच्या उमाबाई दाभाडे. उमा हे तर पार्वतीचं नाव! ते लावून फिरताना उमाजींना कुणी हसलं नाही. सोमा, गोमा, नामा, दत्ता ही नावंसुद्धा ‘आ’ने संपतात आणि ती लावणारे असतात रांगडे बाप्ये. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरही जुन्या माणसांत वारावरून पडलेली नावं सापडतात. बुधवारी जन्मला तर बुध्या, जन्मली तर बुधी. वार एकच असतो!

मग काळ बदलला. ‘जी’ मागे पडलं, ‘बाई’ मागे पडलं, शाळेच्या दाखल्यावर नुसती नावं येऊ लागली. शेपट्या गेल्यावर काही नावं दोघांचीही झाली. आणि काही आईवडिलांनी तर ठरवून मुलाचं वाटणारं नाव मुलीला दिलं. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे आचार्य अत्रे यांची लेक. 1929 मध्ये जन्मलेल्या या मुलीचं नाव शिरीष. शिरीष नावाचे पुरुष तुम्हाला ढीगभर भेटतील. ही मुलगी मोठी झाली, कवयित्री शिरीष पै म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तीन ओळींची जपानी कविता, म्हणजे हायकू, तिने मराठीत रुजवली.

शिरीष हे झाडही आहे, आणि ते तुम्ही नक्की पाहिलं असणार. हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि वाळक्या पेंढ्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा नुसत्या लटकत राहतात. वारा आला की आतल्या बिया खुळखुळतात. उन्हाळ्यात फुलं येतात तेव्हा एक फूल खाली पडलेलं शोधा आणि तळहातावर घ्या. रेशमी धाग्यांचा गोंडा दिसेल, पांढरट-हिरवट, मंद वासाचा. तो गोंडा म्हणजे अनेक इवल्या फुलांचा झुबका असतो. पाकळ्या जवळजवळ दिसतच नाहीत. जे धागे दिसतात ते पुंकेसर, म्हणजे फुलाचा नर भाग. त्यांच्या टोकाला परागकण. आणि भिंगातून नीट पाहिलं तर एकेका फुलात, त्या धाग्यांच्या मधोमध, एक वेगळा धागा असतो. तो स्त्रीकेसर, फुलाचा मादी भाग. पुढे शेंग धरते ती तिथे. एकाच फुलात दोन्ही! जास्वंदीतही तसंच असतं, आंब्याच्या मोहोरातल्या काही फुलांतही तसंच. म्हणजे फुलांवरून ठेवलेलं नाव मुलाचं की मुलीचं, हा प्रश्न फुलाला विचारलात तर ते दोन्हीकडे बोट दाखवेल.

अशा जोड्या शोधायला लागलात की थांबवत नाही. ‘दुनियादारी’ लिहिणारे सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी. गायिका माणिक वर्मा आणि कवी माणिक गोडघाटे. या कवींनी तर आणखी कमाल केली. कवितेसाठी त्यांनी टोपणनाव घेतलं ‘ग्रेस’, आणि इंग्रजीत ग्रेस हे मुलींचं नाव आहे. कोल्हापूर-सांगलीकडे जैन घरांत शीतल नावाचे पुरुष असतात, कारण दहाव्या तीर्थंकरांचं नाव शीतलनाथ. पुण्यामुंबईच्या वर्गात मात्र शीतल म्हटलं की मुलगीच उठून उभी राहील. नाव तेच, गाव बदललं की कान बदलतात.

आणि किरण? किरण मोरे यष्टिरक्षक होते, किरण बेदी पोलीस अधिकारी होत्या. हे नाव थेट जर्मनीच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत जाऊन आलंय! भारतीय मुळं असलेल्या एका कुटुंबाने तिथे आपल्या मुलीचं नाव किरण ठेवलं. नोंदणी करणारे म्हणाले, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, जोडीला मुलीचं म्हणून ओळखू येईल असं दुसरं नाव लावा. आईवडील हटले नाहीत. 5 डिसेंबर 2008 रोजी न्यायालयाने निकाल दिला: नावावरून मुलगा-मुलगी कळलंच पाहिजे असा कायदाच नाही. नावामुळे मुलाचं नुकसान होऊ नये, एवढंच पाहायचं. आइसलँडमध्येही एका मुलीला असंच लढावं लागलं. तिचं नाव ब्लायर, म्हणजे वाऱ्याची झुळूक. त्या भाषेच्या व्याकरणात हा शब्द पुल्लिंगी, म्हणून सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं तिच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलं जात होतं. 2013 मध्ये, पंधरा वर्षांची असताना, ती खटला जिंकली. मराठीत जन्मली असती तर काहीच अडचण नव्हती, आपल्याकडे झुळूक ‘ती’च आहे!

आपल्या राज्यात आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी नोंदींत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं असतं. म्हणजे आई किरण आणि बाबा सुहास असले तरी कुठलं नाव कोणाचं ते क्रमावरून कळतं. नावावर सगळं ओझं टाकायची गरजच नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. अमेरिकेतल्या नावांचा अभ्यास स्टॅन्ली लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये छापला. लेस्ली, ॲशली ही एके काळी मुलांची नावं होती. ती हळूहळू मुलींनाही देऊ लागले, आणि मुलींना दिली गेली की मुलांसाठी कुणी ती घेईना. मुलाचं नाव मुलीला दिलं तर लोक कौतुक करतात, पण मुलीचं मानलं गेलेलं नाव मुलाला द्यायला बिचकतात. यात मुलीचं ते कमी असं कुठेतरी मानलेलं आहे, आणि ते साफ चूक आहे. उमाजी नाईकांना उमेच्या नावाने काही कमी पडलं नव्हतं.

आणि मुलीला मुलाचं नाव देण्यामागे मुलगा न झाल्याची खंत असेल, तर तेही मला मान्य नाही. 2011 साली साताऱ्यात ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, या नावाने वाढलेल्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. नाव देताना मनात काय असतं, ते मुलीला कळतं. शिरीष हे नाव फुलाच्या प्रेमाने दिलं तर ते मुलीचंच आहे, पूर्णपणे.

खरं तर घराघरांत आपण हे नियम रोजच मोडतो. आई लेकीला म्हणते, "सोन्या, जेवून घे," "राजा, उठ ना." सोन्या आणि राजा दोन्ही पुल्लिंगी! आणि बारसं होईपर्यंत तर सगळ्यांचंच ‘ते बाळ’ असतं.

आता एक प्रयोग तुमच्यासाठी. वर्गातल्या मुलामुलींची फक्त पहिली नावं एका कागदावर लिहा. दुसऱ्या गावच्या, तुमच्या वर्गातल्या कुणालाही न ओळखणाऱ्या माणसाला तो दाखवा आणि प्रत्येक नावापुढे मुलगा की मुलगी ते लिहायला सांगा. मग तोच कागद आजी-आजोबांना द्या. कुठल्या नावांवर ते अडले, कुठे चुकले, कुठे दोघांची उत्तरं वेगळी आली, ते मोजा. आणि ज्या नावांवर सगळेच चुकले, त्यांच्या आईबाबांना जाऊन विचारा, हे नाव का निवडलं? जे उत्तर मिळेल ते आम्हाला नक्की लिहून पाठवा.