मातीच्या भिंतींचे बाह्यलेपन

नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या भागात प्रखर ऊन व मोसमी पाऊस या दोहोंस तोंड देणाऱ्या मातीच्या भिंतीस कोणता लेप द्यावा, हा प्रश्न केवळ टिकाऊपणाचा नाही. अशी भिंत जमिनीतील ओल शोषते व पृष्ठभागावाटे बाहेर टाकते. सिमेंटचा गिलावा वा तैलरंग हा मार्ग रोधतो. ओल आत साठून भिंत दुर्बल होते व लेपाचे पोपडे सुटतात. चुन्याचा लेप सच्छिद्र असतो. विरविलेला चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने भिंतीवर घट्ट बसतो. त्याची शुभ्रता ऊन परावर्तित करते. पावसाने तो झिजतो, म्हणून वेळोवेळी पुन्हा द्यावा लागतो. परंतु लेपापेक्षा भिंत टिकणे महत्त्वाचे मानल्यास चुनाच ग्राह्य ठरतो.